कर शून्य झाला, नोंदणी गेलेली नाही: शॉर्ट बॅरल रायफल आणि ग्रीन कार्ड

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डॅलसजवळ राहता, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, घरात १६ इंची नळीची एक एआर-१५ रायफल रीतसर घेतलेली आहे. आता साडेदहा इंची नळीचा तयार अप्पर (नळी बसवलेला रायफलीचा वरचा भाग) ऑनलाइन मागवलात आणि तो घरी येऊन पडलाय. रेंजवर कुणीतरी सांगितलं की २०२६ पासून आखूड नळीच्या रायफलीवरचा २०० डॉलरचा कर गेला, आता सरळ बसवला तरी चालतो. तुमच्या पत्नी, म्हणजे वहिनी, अजून एच-वन-बी व्हिसावर आहेत आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी न्यू जर्सीला जायचं घाटतंय. तर अप्पर बसवावा का, आणि कागदपत्रं कोणती लागतील?

बसवू नका. आधी एटीएफकडे (अशा शस्त्रांची नोंदणी बघणारी केंद्रीय यंत्रणा) अर्ज, मग मंजुरी, आणि मगच त्या दोन पिना. एआरचा अप्पर बदलायला पानाही लागत नाही. दोन पिना ढकलल्या, जुना उचलला, नवा ठेवला, पिना परत आत. मिनिटभराचं काम. तेवढ्या मिनिटात मंजुरी नसलेला माणूस कमाल दहा वर्षं कैदेच्या गुन्ह्यात शिरतो, म्हणून उत्तर एवढ्या ठामपणे देतोय.

मी टेक्सासमध्ये एका परवानाधारक विक्रेत्याकडे या नोंदणीची कागदपत्रं तयार करण्याचं काम बरीच वर्षं करतोय. वकील नाही. इमिग्रेशनचा भाग वकिलाकडून तपासून घ्यायलाच हवा, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्यासारखेच प्रश्न घेऊन येणारे आपले लोक आता वाढलेत, आणि त्यातले बहुतेक जण फक्त बंदुकीबद्दल विचारतात. तुमच्या प्रश्नात बंदूक हा सगळ्यांत सोपा भाग आहे. स्वतःचा दर्जा, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा दर्जा आणि पुढचं राज्य, हे तीन भाग अवघड आहेत.

आधी व्याख्या. केंद्रीय कायद्यात रायफल म्हणजे खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेलं किंवा तसं बदललेलं शस्त्र, ज्याच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात आणि चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. अशा रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ४०.६ सेंटिमीटरपेक्षा कमी असली की ती शॉर्ट बॅरल रायफल. शिवाय मुळात रायफल असलेल्या शस्त्रापासून बनवलेलं शस्त्र, ज्याची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी आहे, तेही याच जाळ्यात येतं. शॉटगनसाठी नळीची मर्यादा १८ इंच आहे.

यात लोक लांबी तेवढी लक्षात ठेवतात आणि बाकीचं विसरतात. खांद्याला लावायचा दस्ता नसेल तर तीच साडेदहा इंची नळी पिस्तुलावर पूर्णपणे कायदेशीर असते. आणि शस्त्राचा पूर्वेतिहास सुटत नाही. एखादा लोअर (सीरियल नंबर कोरलेला खालचा भाग) पहिल्यांदा पिस्तूल म्हणून जोडला असेल, तर त्याची १६ इंची रायफल करून पुन्हा पिस्तूल करता येतं. एटीएफने २०११ सालच्या आपल्या चौथ्या रूलिंगमध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण जो लोअर पहिल्यांदा रायफल म्हणून जन्माला आला, त्याचा दस्ता काढून आखूड नळी लावली तर ते 'रायफलीपासून बनवलेलं शस्त्र' ठरतं. तुमचा लोअर कारखान्यातूनच रायफल म्हणून आलाय, तेव्हा 'दस्ता काढतो आणि पिस्तूल म्हणतो' हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे.

मोजमापाबद्दल दोन शब्द, कारण काउंटरवर सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी बघितलेलं. बोल्ट बंद करा. नळीच्या तोंडातून सरळ लाकडी दांडी आत सरकवा, ती बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत. नळी जिथे संपते तिथे दांडीवर पेन्सिलीची खूण करा, दांडी बाहेर काढा, खुणेपर्यंत मोजा. ती नळीची कायदेशीर लांबी. रिसीव्हरच्या (नळी जिथे बसते त्या सांगाड्याच्या) आत दडलेला भाग यात धरला जातो. टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेला फ्लॅश हायडर (गोळी सुटताना दिसणारी ज्वाळा कमी करणारा तुकडा) धरला जात नाही. तो कायमचा जोडलेला असेल तरच धरतात, आणि कायमचा म्हणजे पूर्ण वेल्ड, किंवा ११०० अंश फॅरनहाइटला वितळणारं सिल्व्हर सोल्डर, किंवा आरपार न जाणारी पिन घालून तिचं डोकं वेल्डने बुजवलेलं. बाजारात साडेचौदा इंची नळ्यांवर लांब तोंड 'पिन अँड वेल्ड' करून विकतात ते यासाठीच.

आमच्याकडे एक गृहस्थ हातोहात घेतलेली रायफल साफ करायला घेऊन आले होते. विकणाऱ्याने '१६ इंची' सांगितलेली. दांडी घातली तर नळी साडेचौदा निघाली, वरचा दीड-पावणेदोन इंच नुसता आट्यांवर फिरवलेला. त्या माणसाने काहीही कापलं नव्हतं, बदललं नव्हतं, तरी व्याख्येनुसार त्यांच्या हातात नोंदणी नसलेली शॉर्ट बॅरल रायफल होती. तिथल्या तिथे अप्पर वेगळा केला आणि त्यांना वकिलाचा नंबर दिला. तेव्हा तुमची सोळा इंची रायफलसुद्धा आज रात्री एकदा मोजा. कारखान्याची असेल तर बरोबरच निघेल, पण मोजा.

एकूण लांबी नळीच्या अक्षाला समांतर धरून मोजतात, आणि रायफलीचा दस्ता घडीचा किंवा सरकता असेल तर तो उघडून. एआरच्या बाबतीत २६ इंचांचा प्रश्न क्वचित येतो, नळीचाच येतो.

हे आकडे कुठून आले हे माहीत असलं की कायद्याचा विचित्रपणा थोडा समजतो. नॅशनल फायरआर्म्स ॲक्टवर (एनएफए) २६ जून १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची सही झाली. टोळीयुद्धांचे दिवस होते. मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरही होती, आणि पिस्तुलावर बंधन घातलं की लोक रायफल कापून कोटात लपवतील, म्हणून आखूड रायफली आणि शॉटगन त्यात घातल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुलं यादीतून वगळली गेली, पण ज्या पळवाटेसाठी आखूड रायफल घातली होती ती तशीच राहिली. त्यामुळे साडेदहा इंची पिस्तूल मोकळं आणि तीच नळी दस्त्यासकट नोंदणीची. सुरुवातीला रायफलीसाठीही १८ इंचांची मर्यादा होती, १९६० मध्ये ती १६ झाली. आणि २०० डॉलरचा कर १९३४ मध्ये ठरला तो कधीच वाढवला नाही. त्या काळचे २०० डॉलर आजच्या हिशोबाने साडेचार हजारांच्या वर जातात. तो कर मिळवण्यासाठी नव्हता, माणसाला थांबवण्यासाठी होता.

आता तुम्हाला रेंजवर सांगितलेल्या गोष्टीकडे. ती अर्धी खरी आहे आणि अर्धी खरी असणं इथे फार महागात पडू शकतं. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या केंद्रीय कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, शॉर्ट बॅरल रायफल, शॉर्ट बॅरल शॉटगन आणि 'एनी अदर वेपन' (इतर गटांत न बसणारी, लपवता येण्याजोगी शस्त्रं) या वर्गावरचा कर शून्य केला. मशीनगन आणि विध्वंसक उपकरणांवर २०० डॉलर कायम आहेत. पण बदलला तो फक्त कराचा आकडा. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमी तपासणी, राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद आणि नोंदणीशिवाय ताबा ठेवण्याची शिक्षा, यातलं काहीही हललेलं नाही. करच शून्य झाला तर कराच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कशी टिकते, असा युक्तिवाद करणारे खटले दाखल झालेत. त्यामागे विचार आहे, कारण १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला होता तो कर लावण्याच्या अधिकाराखालीच. पण खटला चालू असताना स्वतःच्या घरात त्याचा निकाल लावू नका.

टेक्सासच्या लोकांचा आणखी एक गैरसमज आहे. राज्याने १ सप्टेंबर २०२५ पासून आखूड नळीची शस्त्रं आपल्या निषिद्ध शस्त्रांच्या यादीतून काढली. त्यामुळे राज्याचा पोलीस त्या कलमाखाली तुम्हाला पकडणार नाही, एवढंच. केंद्राचा कायदा जसाच्या तसा आहे, आणि खटला केंद्राच्या न्यायालयात चालतो.

घरात पडलेल्या त्या अप्परचं काय? अप्पर हा स्वतः शस्त्र नाही, तो विकत घेणं गुन्हा नाही. पण तुमच्याकडे रायफलीचा एकच लोअर आणि त्याच्या शेजारी आखूड अप्पर आहे. या अप्परचा कायदेशीर उपयोग काय, असं विचारलं तर आज तुमच्याकडे उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९२चा थॉम्पसन/सेंटर आर्म्सचा निकाल इथे महत्त्वाचा आहे. त्यात दहा इंची नळीचं पिस्तूल आणि सोबत दस्ता व २१ इंची नळी असा संच होता. न्यायालय म्हणालं की हे भाग जोडून कायदेशीर लांब रायफलही होते, तेव्हा नुसते एकत्र ठेवले म्हणून ती शॉर्ट बॅरल रायफल बनवली असं होत नाही. पण ज्या भागांचा नोंदणीचं शस्त्र बनवण्याखेरीज दुसरा उपयोगच नाही, त्यांना हे संरक्षण मिळत नाही. तुम्ही त्या दुसऱ्या बाजूला उभे आहात. माझा सल्ला: मंजुरी येईपर्यंत तो अप्पर घरात ठेवू नका. विक्रेता परत घेत असेल तर परत करा, नाहीतर एखाद्या विश्वासू परवानाधारक दुकानात पावती घेऊन ठेवा. आम्ही ठेवतो, बहुतेक दुकानं ठेवतात.

आणि हे नीट ध्यानात घ्या: एकदा नोंदणीशिवाय जोडली, तर 'आता चूक कळली, नोंदवून टाकतो' असं करता येत नाही. नोंदणी बनवण्याआधीच व्हावी लागते. १९६८ मध्ये कायदा बदलला तेव्हा एक महिन्याची माफीची मुदत दिली होती. २०२३ मध्ये पिस्तूल ब्रेसच्या (पिस्तुलाच्या मागे लावायचा हाताचा आधार) नियमाबरोबर ३१ मेपर्यंत बिनकराची नोंदणी खुली केली होती. असे अपवाद वाट बघत बसण्यासारखे नाहीत. आणि कायदा माहीत नव्हता हा बचाव चालत नाही. १९९४च्या स्टेपल्स निकालाने सरकारवर एवढंच सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली की आरोपीला शस्त्राची ती वैशिष्ट्यं माहीत होती. साडेदहा इंच असं खोक्यावर छापून आलेला अप्पर स्वतः मागवणाऱ्याला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

आता तुमचा दर्जा. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती इथे, आणि नेमकं हेच तुम्ही विचारलेलं नाही. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, शॉर्ट बॅरल रायफल बनवायलाही नाही. फॉर्मवर नागरिकत्वाच्या प्रश्नात भारत लिहायचं आणि एलियन नंबर द्यायचा. तेवढं झालं की तुमचा अर्ज अमेरिकन नागरिकाच्या अर्जासारखाच चालतो. फरक पडतो तो बिघडल्यावर. नोंदणी नसलेलं असं शस्त्र बनवणं किंवा बाळगणं हे इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ५८६१ खाली येतं. त्या कलमाखाली नागरिक दोषी ठरला तर त्याला तुरुंग आणि दंड. ग्रीन कार्डधारक दोषी ठरला तर तुरुंग, दंड आणि वर देशाबाहेर काढण्याची कारवाई. शस्त्रविषयक गुन्हा हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहेच, पण इमिग्रेशन कायद्याच्या 'ॲग्रव्हेटेड फेलनी'च्या व्याख्येत कलम ५८६१चं नाव घेऊन नमूद केलेलं आहे. ते नाव लागलं की हद्दपारी रद्द करून घेण्याचा कायम रहिवाशांसाठी असलेला मुख्य मार्ग बंद होतो आणि नागरिकत्वासाठी चांगल्या चारित्र्याची अट कायमची हुकते. एच-वन-बीवर काढलेली, प्रायॉरिटी डेटकडे (ग्रीन कार्डच्या रांगेतल्या तारखेकडे) बघत काढलेली वर्षं दोन पिनांवर लावायची नाहीत.

हे तुम्हाला घाबरवून परावृत्त करण्यासाठी लिहीत नाही. रीतसर अर्ज करून अशी रायफल बनवलेले ग्रीन कार्डधारक माझ्या ओळखीत आहेत, छान नेमबाजी करतात. त्यांनी क्रम पाळला, एवढंच.

फॉर्मवरचे अपात्रतेचे प्रश्न सावकाश वाचा. गांजाच्या प्रश्नावर लोक अडखळतात. एखाद्या राज्यात तो दुकानात मिळत असला तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच आहे, आणि फॉर्ममध्ये तसं स्पष्ट छापलेलं असतं. घरगुती हिंसाचाराचा किरकोळ वाटणारा गुन्हाही शस्त्र बाळगायला अपात्र करतो. फॉर्मवरची सही शपथेवर असते.

वहिनींचा मुद्दा. एच-वन-बी हा तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा. अशा व्यक्तीला केंद्रीय कायद्याने कोणतंही शस्त्र किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला अपवाद म्हणजे राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो काढून काही जण निश्चिंत होतात. कायद्यात तो आहे, पण त्याच्या आधारावर काही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात उत्तर द्यायला लागणाऱ्या वहिनी असतील, मी नसेन.

ताबा म्हणजे फक्त हातात असणं नव्हे. तिजोरीचा आकडा माहीत असणं, किल्ली कुठे लटकते ते ठाऊक असणं, हाही ताबा ठरू शकतो. रेंजवर 'दोन गोळ्या झाडून बघ' म्हणून हातात देणं हाही ताबाच. हा मुद्दा तुमच्या आजच्या साध्या सोळा इंची रायफलीलाही लागू आहे, तेव्हा आखूड नळीचं पुढे काहीही ठरो, तिजोरीचा आकडा आजच बदला आणि तो फक्त स्वतःकडे ठेवा. नवरा-बायकोत लपवाछपवी कसली, असं घरात वाटेल. त्यांना कारण सांगा. हे त्यांच्या व्हिसाच्या भल्यासाठी आहे.

याला जोडूनच ट्रस्टचा प्रश्न येतो. नोंदणी एका व्यक्तीच्या नावे असेल तर ती व्यक्ती जवळ नसताना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती ते शस्त्र राहू शकत नाही. ट्रस्टच्या नावे नोंदवलं तर सगळे विश्वस्त ते बाळगू शकतात, म्हणून नवरा-बायको ट्रस्ट करतात. पण १३ जुलै २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे आणि फोटो द्यावे लागतात आणि प्रत्येकाची तपासणी होते. त्यामुळे वहिनींना आज विश्वस्त करू नका. त्यांचं ग्रीन कार्ड आलं की घालता येईल. ते वर्षा-दोन वर्षांत येण्यासारखं असेल तर आत्ताच ट्रस्ट करून एकट्याने अर्ज करणं बरं. रांग लांब असेल तर वैयक्तिक नावाने करा, कागद कमी लागतात. पुढे ट्रस्टकडे द्यायचं झालं तर फॉर्म फोर भरून हस्तांतर करता येतं आणि आता त्यावरही कर नाही.

प्रक्रिया. स्वतःच्या रायफलीपासून बनवायची असेल तर फॉर्म वन. तयार शॉर्ट बॅरल रायफल दुकानातून घ्यायची तर फॉर्म फोर, आणि मंजुरी येईपर्यंत ती दुकानातच राहते. फॉर्म वन एटीएफच्या ई-फॉर्म्स संकेतस्थळावर भरता येतो. लोअरवरचा निर्माता, मॉडेल आणि सीरियल नंबर जसा कोरलाय तसाच उतरवा, मधला डॅश किंवा शून्य गाळू नका. नळीची आणि एकूण लांबी लिहावी लागते. पासपोर्ट आकाराचा फोटो, ठशांची दोन कार्डं किंवा डिजिटल फाइल, आणि अर्जाची एक प्रत तुमच्या भागातल्या प्रमुख पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवायची. ती फक्त माहितीसाठी. २०१६ आधी त्यांची सही लागायची, आता लागत नाही. मंजुरीला किती वेळ लागेल हे अर्जांच्या गर्दीवर अवलंबून असतं, म्हणून तारीख धरून बेत आखू नका.

मंजुरी आल्यावर आणि नळी बसवण्याआधी कोरीवकाम. तुम्ही 'निर्माते' होता, तेव्हा तुमचं किंवा ट्रस्टचं नाव, शहर आणि राज्य शस्त्रावर कोरावं लागतं, किमान ०.००३ इंच खोल. नळ्या झिजतात आणि बदलतात, म्हणून मी लोअरवरच करून घ्यायला सांगतो, मॅगझिनच्या खोबणीच्या बाजूला बारीक अक्षरात. लेझरवाल्याला खोली आधी सांगा. वरवर भाजलेलं अक्षर दिसतं सुंदर, पण मोजलं तर भरत नाही. मंजूर फॉर्मची प्रत रायफलीबरोबर ठेवायची, कारण नोंदणीचा पुरावा दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

नोंदणी झाल्यावरही ही रायफल साध्या रायफलीसारखी गाडीत टाकून शेजारच्या राज्यात नेता येत नाही. ओक्लाहोमात शनिवारी मित्राच्या शेतावर जायचं असलं तरी आधी एटीएफचा ५३२०.२० क्रमांकाचा फॉर्म मंजूर हवा. फुकट असतो, आणि ठराविक ठिकाणांसाठी एकदम वर्षभराची परवानगी मागता येते. सायलेन्सरला ही अट नाही, त्यामुळे दोन्ही बाळगणारे लोक इथे गफलत करतात.

भारतात वाढलेल्या आपल्याला हे सगळं उलटं वाटतं. तिकडे साध्या बंदुकीलाही जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना, आणि नळी आखूड करायला १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खाली वेगळा परवाना. टेक्सासमध्ये साधी रायफल दुकानातून तासाभरात घरी येते, म्हणून पुढचं पाऊलही तितकंच मोकळं असेल असं माणूस गृहीत धरतो.

तुम्हाला आखूड शस्त्रच हवं असेल आणि कागदपत्रं नको असतील तर एक सरळ मार्ग आहे. नवा, कधीही न जोडलेला लोअर घ्या आणि तो पहिल्यापासून पिस्तूल म्हणून, दस्ता न लावता जोडा. त्यावर तुमचा साडेदहा इंची अप्पर कायदेशीर बसतो, आणि त्या अप्परचा उपयोग काय या प्रश्नालाही उत्तर मिळतं. ब्रेसबद्दल विचाराल तर २०२३चा एटीएफचा नियम टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने १३ जून २०२४ रोजी रद्द केला. पण कायद्यातली रायफलीची व्याख्या कुठेही गेलेली नाही, आणि तुमच्या दर्जाच्या माणसाने सीमारेषेवर खेळू नये असं माझं मत. ब्रेसऐवजी नुसती बफर ट्यूब (एआरच्या मागचा, स्प्रिंग असलेला दांडा) ठेवा. त्या पिस्तुलाला पुढे उभी मूठही लावू नका, त्याने ते 'एनी अदर वेपन' ठरू शकतं. घरात रायफलीचा लोअर आहेच, तेव्हा तो अप्पर पिस्तुलावरून काढून कधी गमतीतही रायफलीवर ठेवून बघायचा नाही.

शेवटी न्यू जर्सी. तिथे सामान्य नागरिकाला शॉर्ट बॅरल रायफल बाळगता येत नाही, केंद्राची नोंदणी असली तरी. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्येही जवळपास हीच परिस्थिती. ५३२०.२० फॉर्म भरलात तर अशा राज्यासाठी तो मंजूर होणार नाही, आणि न विचारता नेलीत तर दोन्ही सरकारांचे गुन्हे. न्यू जर्सीतल्या एडिसनला घर शोधायला लागाल तेव्हा टेक्सासमधली नोंदवलेली रायफल एकतर फॉर्म फोरने विकावी लागेल, किंवा टेक्सासमध्ये अशा जागी ठेवावी लागेल जिथे तुमच्याशिवाय कुणाचाही हात पोहोचणार नाही, किंवा पुन्हा सोळा इंची अप्पर लावून आखूड अप्पर विकून टाकावा लागेल. तिसऱ्या मार्गाने ती साधी रायफल होते. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफच्या एनएफए विभागाला पत्र लिहून नोंद काढायला सांगायची.

आणि ती साधी रायफलसुद्धा न्यू जर्सीत जशीच्या तशी चालेल असं नाही. सरकता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, फ्लॅश हायडर किंवा टोकाला आटे असलेली नळी, यांपैकी दोन गोष्टी बदलत्या मॅगझिनच्या रायफलीवर एकत्र आल्या की तिथे ती निषिद्ध वर्गात जाते. मॅगझिन दहा काडतुसांपेक्षा मोठं चालत नाही. दुकानातून मिळणाऱ्या नेहमीच्या एआरवर या सगळ्या गोष्टी असतातच. तेव्हा नेण्याआधी तिथल्या परवानाधारक दुकानात दाखवून बदल करून घ्यावे लागतील.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: आज रायफल मोजायची आणि तिजोरीचा आकडा बदलायचा, या आठवड्यात अप्पर दुकानात नेऊन ठेवायचा किंवा परत करायचा, आणि इमिग्रेशन वकिलाशी एक तास बोलून वहिनींचा भाग नक्की करायचा. फॉर्म वन मात्र नोकरीचं ठरेपर्यंत भरायचा नाही. न्यू जर्सी पक्की झाली तर लोअरवर नाव कोरून, वर्षभरात तीच रायफल पुन्हा लांब करण्यात काही हशील नाही. टेक्सासमध्येच राहायचं ठरलं तर लोअरवरच्या कोरीव मजकुराचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, फॉर्म भरताना तो समोर लागतो. सीरियल नंबर मात्र इथे टाकू नका.